ट्रॅक्टरच्या कॅन बसवरची डीबीसी फाईल: उघडण्यापासून विश्वास ठेवण्यापर्यंत

कुपवाड किंवा मिरजेच्या एमआयडीसीत वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्सचं काम करणाऱ्यांकडं हंगामाच्या तोंडावर एक मागणी हमखास येते. ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर ट्रॅकर बसवायचाय, पण नुसतं लोकेशन नको. इंजिन किती तास चाललं, डिझेल किती जळलं, पाणी तापलं का, हेही मोबाईलवर दिसलं पाहिजे. नव्या ट्रॅक्टरवर यातली बरीचशी माहिती दोन पिळलेल्या तारांवरून आधीच फिरत असते; वाहनातले इलेक्ट्रॉनिक डबे ज्यावरून एकमेकांशी बोलतात ती ही कॅन बस. प्रश्न असतो ती वाचायचा, आणि तिथं डीबीसी फाईल, म्हणजे तारेवरच्या आकड्यांचा अर्थ सांगणारी यादी लागते.

कॉलेजात कॅन म्हणजे काय हे परीक्षेपुरतं शिकवतात: बॉशनं १९८६ मध्ये आणलं, १९९३ मध्ये आयएसओ ११८९८ झालं, एका फ्रेममध्ये, म्हणजे तारेवरच्या एका संदेशात, जास्तीत जास्त ८ बाइट. डीबीसीचा मात्र उल्लेखही नसतो. मग पोरगं नोकरीला लागतं, पहिल्याच आठवड्यात कुणीतरी मेलवर एक फाईल पाठवतं आणि म्हणतं, ‘डीकोड करून दे.’ हा लेख त्या पोरासाठी आणि पोरीसाठी.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. डीबीसी हा वाहनाचा पुरावा नाही. ‘या बाइटचा अर्थ असा आहे’ असं कुणीतरी लिहून ठेवलेलं ते म्हणणं आहे. ते दुसऱ्या मॉडेलचं असू शकतं, जुन्या सॉफ्टवेअरचं असू शकतं, एक्सेलमधून उतरवताना चुकलेलं असू शकतं. फाईल सॉफ्टवेअरमध्ये बिनतक्रार उघडली म्हणजे ती बरोबर आहे असं होत नाही. प्रत्येक सिग्नल प्रत्यक्ष काट्याशी, टॅकोमीटरशी, डिझेलच्या मापाशी जुळला की मगच तो आपला.

आधी बघा, तारेवर काही आहे का

गिऱ्हाईक म्हणतं ‘नवा ट्रॅक्टर आहे’, म्हणून कॅन असेलच असं नाही. ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ ही प्रदूषण मर्यादा १ जानेवारी २०२३ पासून लागू झाली आणि त्या गटात इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची कॉमन रेल इंजिनं आली. यांत्रिक पंपाच्या ट्रॅक्टरवर इंजिनाचा ईसीयूच (इलेक्ट्रॉनिक नियंत्रण करणारा डबाच) नसतो, मग त्याची डीबीसी तरी कसली शोधणार? तिथं आरपीएम अल्टरनेटरच्या तारेवरून घ्यावा लागतो, तो विषय वेगळा. ऊसतोडणी यंत्र किंवा बीएस-६ ट्रक असेल तर मात्र निर्धास्त राहा, तिथं बस असतेच.

डायग्नॉस्टिक कनेक्टर शोधा. ट्रक आणि यंत्रांवर गोल ९ पिनांचा असला तर सी पिन कॅन-हाय आणि डी पिन कॅन-लो. कारसारखा १६ पिनांचा असला तर ६ आणि १४. तिसराच काही कनेक्टर असेल तर सर्व्हिस मॅन्युअल काढा; अंदाजानं तार खुपसू नका.

मग मल्टिमीटर. चावी बंद, बॅटरी काढलेली, आणि हाय व लो या दोन तारांमधला रोध मोजायचा. ६० ओमच्या आसपास आला तर दोन्ही टोकांचे १२० ओमचे रोधक जागेवर आहेत. १२० आला तर एक टोक गायब. ४० आला तर आधी कुणीतरी तिसरा रोधक घातलाय, आणि तो बहुतेक वेळा पूर्वीच्या ट्रॅकरच्या डब्यात सापडतो. हे न बघता लॅपटॉप जोडला तर पुढचे दोन तास फाईलला शिव्या देण्यात जातात आणि दोष तारेचा निघतो.

लॉग घ्या, फाईल नंतर

माझा आग्रह असा की डीबीसी उघडायच्या आधी कच्चा लॉग हातात हवा. कॅन अडॅप्टर ‘लिसन ओन्ली’ मोडमध्ये ठेवा. हा मोड न लावता चुकीच्या बॉड रेटवर (बसच्या वेगावर) बसला जोडलात तर तुमचा अडॅप्टर एरर फ्रेम टाकून चालू बस बिघडवतो. डॅशबोर्डवर दिवे लागतात आणि मालक तुमच्याकडं बघायला लागतो. जे१९३९ वर, म्हणजे अवजड वाहनांसाठी कॅनवर ठरवलेल्या संदेशांच्या नियमावलीवर, चालणाऱ्या वाहनांत आधी २५० किलोबिट लावून बघा, नाहीतर ५००. लिनक्स लॅपटॉप असेल तर कॅन वाचायची सोय, सॉकेटकॅन, कर्नलमध्येच आहे, अगदी २००८ पासून. कॅनडम्प या कमांडनं वेळेसकट लॉग थेट फाईलमध्ये जातो. विंडोजवर अडॅप्टरसोबत आलेलं सॉफ्टवेअर चालतं.

लॉग घेताना हातात वही हवी. लॅपटॉपचं घड्याळ बघून लिहीत जा: चावी ऑन, इंजिन चालू, दोन मिनिटं आयडल, ॲक्सिलरेटर दाबून १५०० आरपीएम, परत आयडल, पीटीओ (अवजारं फिरवणारा मागचा दांडा) ऑन, पीटीओ ऑफ, इंजिन बंद. प्रत्येक कृतीमध्ये दहा-पंधरा सेकंद जाऊ द्या. ही नोंद नसलेला लॉग म्हणजे नुसती आकड्यांची रद्दी. ती असेल तर महिन्यानंतरही ऑफिसात बसून शंका फेडता येते, त्यासाठी पुन्हा पलूसला ट्रॅक्टरच्या मागं जावं लागत नाही.

फाईलमधली एक ओळ, सावकाश

डीबीसी हा स्टुटगार्टच्या वेक्टर कंपनीचा फॉरमॅट. साधी टेक्स्ट फाईल आहे. नोटपॅडमध्येही उघडते आणि पहिल्यांदा तिथंच उघडावी. मुख्य गोष्टी चारच: ‘बीयू_’ने सुरू होणारी ओळ म्हणजे बसवरच्या नोडची (जोडलेल्या डब्यांची) नावं, ‘बीओ_’ म्हणजे एक मेसेज, त्याखाली आत सरकवलेल्या ‘एसजी_’ ओळी म्हणजे त्या मेसेजमधले सिग्नल, आणि ‘व्हीएएल_’ म्हणजे आकड्यांना दिलेली नावं. बाकी टिपा आणि गुणधर्म. इंजिनाच्या वेगाच्या मेसेजच्या ओळी अशा दिसतात (फाईलमध्ये रोमन लिपी असते, इथं देवनागरीत उतरवल्यात):

बीओ_ २३६४५३९९०४ ईईसी१: ८ इंजिन
एसजी_ इंजिनस्पीड : २४|१६@१+ (०.१२५,०) [०|८०३१.८७५] "आरपीएम" डिस्प्ले

पहिल्या ओळीतला तो लांबलचक आकडा हा मेसेजचा आयडी, दशमान पद्धतीत. नवखे इथंच अडतात, कारण लॉगमध्ये आयडी आणि बाइट हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पद्धतीत असतात; तिथं आयडी दिसतो ०सीएफ००४०० आणि दशमानात त्याचे २१७०५६२५६ होतात. मग फाईलमध्ये दोनशे छत्तीस कोटींचा आकडा कुठून आला? २९ बिटांचा आयडी आहे हे सांगण्यासाठी डीबीसीत सगळ्यात वरचा, म्हणजे ३१ क्रमांकाचा बिट १ केलेला असतो. त्याची किंमत २१४७४८३६४८. ती वजा करा, हिशोब जुळतो. मायक्रोकंट्रोलरच्या फिल्टरमध्ये फाईलमधला आकडा जसाच्या तसा टाकला की एकही मेसेज येत नाही, आणि माणूस ट्रान्सीव्हर (बसच्या तारांना जोडणारी चिप) बदलत बसतो. ११ बिटांच्या आयडीला ही भानगड नाही.

आता सिग्नलची ओळ. २४ हा सुरुवातीचा बिट, १६ लांबी. ‘@’च्या पुढचा १ म्हणजे इंटेल क्रम, ० म्हणजे मोटोरोला. अधिक चिन्ह म्हणजे आकडा ऋण होत नाही, वजा चिन्ह म्हणजे होऊ शकतो. कंसात गुणक आणि ऑफसेट. चौकटी कंसात किमान आणि कमाल. मग एकक, आणि शेवटी तो सिग्नल कोण वाचतं ते नाव. ठरलेलं नसेल तर तिथं ‘वेक्टर__एक्सएक्सएक्स’ असं काहीतरी दिसेल. तो एखादा गुप्त ईसीयू नव्हे, रिकामी जागा भरलीय एवढंच.

हे हातानं एकदा तरी करून बघा. लॉगमध्ये ०सीएफ००४०० या आयडीवर असे आठ बाइट आलेत समजा:

एफ० ७डी ९१ ९० १ए एफएफ एफएफ एफएफ

बिट २४ म्हणजे ० पासून मोजता तिसरा बाइट, आपल्या बोलण्यातला चौथा. तिथं ९० आणि पुढच्यात १ए. इंटेल क्रमात धाकटा बाइट आधी येतो, म्हणून आकडा १ए९०. दशमानात ६८००. गुणिले ०.१२५, उत्तर ८५०. इंजिन आयडलला होतं, ८५० आरपीएम पटण्यासारखं आहे. आजूबाजूचे बाइटही बोलतात. दुसरा बाइट म्हणजे चालकानं मागितलेला टॉर्क, एका आकड्याला एक टक्का आणि ऑफसेट वजा १२५. ७डी म्हणजे १२५, म्हणजे शून्य टक्के: पाय ॲक्सिलरेटरवर नाही. तिसऱ्यातले ९१ म्हणजे १४५, म्हणजे इंजिन प्रत्यक्षात २० टक्के टॉर्क देतंय, स्वतःला फिरतं ठेवायला. वहीत त्या वेळेला ‘आयडल’ लिहिलेलं असलं की तिन्ही गोष्टी एकमेकींना दुजोरा देतात. एकट्या आकड्यापेक्षा असा मेळ मला जास्त खात्रीचा वाटतो.

इंटेल, मोटोरोला आणि वाया गेलेल्या दुपारी

वरच्या ओळीत @१ च्या जागी चुकून @० पडलं आणि सुरुवातीचा बिटही त्याला साजेसा बदलला, तर तेच दोन बाइट ९०१ए असे वाचले जातील. दशमानात ३६८९०, आणि वेग ४६११ आरपीएम. शेतीच्या डिझेल इंजिनाला हा वेग मिळत नाही, म्हणून चूक लगेच दिसते. पण तापमान, दाब किंवा बॅटरीचा व्होल्टेज अशा सिग्नलमध्ये उलटा वाचलेला आकडाही कधीकधी शक्य कोटीतला निघतो, आणि तो महिनोन्‌महिने स्क्रीनवर राहतो.

मोटोरोला क्रमाचं खरं दुखणं सुरुवातीच्या बिटाचं आहे. डीबीसीत मोटोरोला सिग्नलचा सुरुवातीचा बिट म्हणजे त्याचा सगळ्यात वजनदार बिट. पण बिटांचे क्रमांक मात्र इंटेलसारखेच: पहिल्या बाइटमध्ये ७ ते ०, दुसऱ्यात १५ ते ८, तिसऱ्यात २३ ते १६. म्हणून सिग्नल ० क्रमांकाच्या बिटाला येऊन संपला की पुढचा बिट १५, तिथून ८ पर्यंत उतरायचं, मग उडी २३ वर.

कागदावर एक उदाहरण घ्या. १२ बिटांचा सिग्नल तिसऱ्या बाइटच्या खालच्या चार बिटांत सुरू होतो आणि चौथा बाइट पूर्ण व्यापतो. तिसऱ्या बाइटचा खालचा अर्धा ए, चौथा बाइट ३सी, म्हणजे आकडा ए३सी, दशमानात २६२०. डीबीसीत याचा सुरुवातीचा बिट १९ येतो: १९, १८, १७, १६ आणि मग ३१ ते २४. पण पुरवठादाराच्या एक्सेलमध्ये बरेचदा सगळ्यात हलक्या बिटाचा क्रमांक दिलेला असतो, तो इथं २४. कुणी तो २४ जसाच्या तसा डीबीसीत टाकला, तर वाचन चौथ्या बाइटच्या शेवटच्या बिटापासून सुरू होऊन पाचवा बाइट पूर्ण आणि सहाव्याचे वरचे तीन बिट खातं. मूळ सिग्नलमधला एकच बिट उत्तरात उरतो. एक्सेलवरून फाईल बनवताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो: ‘स्टार्ट बिट म्हणजे तुमच्याकडं कुठला?’ उत्तर देताना समोरचा चाचरला तर प्रत्येक मोटोरोला सिग्नल हातानं तपासायचा.

यावर सोपा उपाय आहे. पायथनची कॅनटूल्स लायब्ररी फुकट मिळते. तिच्या ‘डम्प’ कमांडनं प्रत्येक मेसेजचा बिटांचा नकाशा टर्मिनलवर येतो. कुठला सिग्नल कुठं बसलाय ते डोळ्यांना दिसतं. दोन सिग्नल एकमेकांवर चढले असतील किंवा मेसेजच्या बाहेर सांडत असतील तर फाईल उघडतानाच ती अडून बसते. ही तपासणी बंद करायचा पर्याय आहे. तो वापरून फाईल ‘उघडली एकदाची’ म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही.

चिन्हाचंही बघून घ्या. एफ६ हा बाइट चिन्हाविना २४६ होतो, चिन्हासकट वजा १०. आणि सिग्नल दशांश फ्लोट असेल तर ते सिग्नलच्या ओळीत लिहिलेलंच नसतं; फाईलच्या तळाशी ‘एसआयजी_व्हीएएलटीवायपीई_’ अशी वेगळी ओळ असते, १ म्हणजे ३२ बिटी फ्लोट, २ म्हणजे ६४ बिटी. हातानं फाईल कापताना-जोडताना ही तळाची ओळ मागं राहते आणि मग कोट्यवधींत आकडे यायला लागतात.

पाणी २१५ अंशांवर

ट्रॅक्टर, ट्रक, जनरेटर यांच्यावर जे१९३९ चालतो, आणि त्याची एक रीत डीबीसीच्या ओळीत कुठंच लिहिलेली नसते. एक बाइटच्या सिग्नलमध्ये एफएफ म्हणजे ‘माहिती उपलब्ध नाही’ आणि एफई म्हणजे ‘सेन्सर बिघडलाय’. दोन बाइटच्या सिग्नलमध्ये वरचा बाइट एफएफ किंवा एफई असला की तेच. डीबीसीला हे ठाऊक नाही. ती निमूटपणे गुणते, वजा करते आणि उत्तर देते.

शीतक पाण्याचं तापमान १८एफईईई०० या आयडीवर पहिल्या बाइटमध्ये असतं, गुणक १ आणि ऑफसेट वजा ४०. एफएफ म्हणजे २५५, वजा ४०, झाले २१५ अंश. कुंडलकडच्या एका अनुभवी चालकानं ट्रॅकरच्या स्क्रीनकडं बघून विचारलेला प्रश्न बिनतोड होता: ‘अहो साहेब, काटा तर मधोमध हाय, आन तुमच्या डब्यात दोनशे पंधरा? एवढ्यावर पाणी ऱ्हाईल व्हय रेडिएटरात?’ चावी ऑन केल्यावर ईसीयू जागा होईपर्यंत पहिल्या काही फ्रेम एफएफ येत होत्या आणि ट्रॅकर तेवढ्यावर ‘इंजिन गरम’चा मेसेज मालकाला पाठवून मोकळा होत होता.

हे आकडे पाठ ठेवा, पुन्हा पुन्हा भेटतात: तापमान २१५ अंश, इंधनपातळी १०२ टक्के, इंजिनाचा वेग ८१९१.८७५, इंधनाचा खप तासाला ३२७६.७५ लिटर. यातला कुठलाही दिसला की तो सिग्नल नाही, रिकामी जागा आहे. डीकोड करण्याआधी कच्चा आकडा तपासून असे नमुने बाजूला काढायचे. सरासरी काढून झाल्यावर नाही, कारण सरासरीत ते विरघळतात आणि दिवसाचा खप नुसताच ‘थोडा जास्त’ दिसतो. चौकटी कंसातल्या कमाल मर्यादेचा इथं उपयोग होतो. वेगाची मर्यादा ८०३१.८७५ अशी विचित्र का? तर एफएएफएफ हा शेवटचा वैध कच्चा आकडा, त्याच्या पुढचे खास अर्थांसाठी राखीव. पण लक्षात घ्या, बहुतेक डीकोडर ही मर्यादा वाचतात आणि सोडून देतात. तपासणी तुमच्या कोडमध्येच लिहावी लागते.

जे१९३९ चा आयडी पूर्ण जुळवायचा नसतो

०सीएफ००४०० या आयडीत पुढचा भाग प्राधान्य सांगतो, मधला एफ००४ म्हणजे पीजीएन (मेसेजच्या प्रकाराचा क्रमांक) ६१४४४, आणि शेवटचे ०० म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता, इथं इंजिन. अर्थ ठरतो तो पीजीएनवरून. त्यामुळं फाईलमध्ये शेवटी एफई पत्ता लिहिलेला असेल आणि ट्रॅक्टर ०० वरून बोलत असेल, तर नुसती आयडीची तुलना करणारं सॉफ्टवेअर ‘मेसेज सापडला नाही’ म्हणणार. वेक्टरच्या साधनांत प्रोटोकॉल जे१९३९ आहे असा गुणधर्म फाईलमध्ये असला की ती सांभाळून घेतात. कॅनटूल्सला मास्क, म्हणजे आयडीतले कुठले बिट तुलनेत धरायचे ते सांगणारा आकडा, द्यावा लागतो: ०३एफएफएफएफ००, म्हणजे प्राधान्य आणि पत्ता दोन्ही झाकले. मात्र मधल्या भागातला पहिला बाइट एफ० पेक्षा लहान असेल तर दुसरा बाइट हा ज्याला मेसेज पाठवलाय त्याचा पत्ता असतो, पीजीएनचा भाग नसतो. तिथं हा मास्क पुरत नाही.

काही सिग्नल नुसतं ऐकून मिळतीलच असं नाही. इंजिनाचे एकूण तास, पीजीएन ६५२५३, हे मागितल्यावर मिळतात. डॅशबोर्डनं मागितले तर लॉगमध्ये दिसतील, नाहीतर नाही. डीबीसीत ओळ आहे पण लॉगमध्ये आयडीच नाही, असं झालं की आधी हा संशय घ्या. बिघाडांची यादी आठ बाइटांत मावली नाही तर अनेक फ्रेममध्ये तुटून येते; ती जोडणं हे डीबीसीच्या आवाक्याबाहेरचं, त्याला वेगळा कोड लागतो.

ट्रॅक्टरच्या वेगाबद्दल एक इशारा. ट्रकच्या फाईलमध्ये वाहनाचा वेग पीजीएन ६५२६५ वर, एका आकड्याला १/२५६ किलोमीटर प्रतितास असा असतो. शेतीच्या यंत्रांचा आयएसओ ११७८३ हा मात्र चाकाचा वेग पीजीएन ६५०९६ वर मीटर प्रतिसेकंदात देतो, गुणक ०.००१. कच्चा आकडा ५००० आला तर ५ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी १८ किलोमीटर. भरलेली डबल ट्रॉली मागं असताना पटण्यासारखा वेग. स्क्रीनवर किलोमीटर हवे असतील तर गुणक ०.००३६ करा, पण मग एककही बदला. गुणक एका एककाचा आणि नाव दुसऱ्याचं, अशा फाईली मी बऱ्याच पाहिल्यात.

एकाच आयडीवर अनेक सिग्नल

इलेक्ट्रिक तीनचाकीच्या बॅटरीवर काम केलंत तर मल्टिप्लेक्सिंग भेटणारच. चोवीस सेलचे व्होल्टेज आठ बाइटांत मावत नाहीत, म्हणून पहिला बाइट गट सांगतो आणि उरलेल्या बाइटांत त्या गटातल्या सेलचे आकडे येतात. डीबीसीत गट सांगणाऱ्या सिग्नलच्या नावापुढं मोठा एम असतो, आणि प्रत्येक गटातल्या सिग्नलपुढं लहान एम व गटाचा क्रमांक: एम०, एम१, एम२. त्यामुळं वेगवेगळ्या गटांतले सिग्नल एकाच बिटावर बसलेले दिसले तरी ती चूक नसते.

चूक असते ती वाचणाऱ्याच्या बाजूला. शेवटचं मूल्य साठवताना आयडीवर साठवलं तर सेल १ चा आकडा पुढच्या गटातल्या सेलच्या आकड्यानं पुसला जातो. सिग्नलच्या नावावर साठवायचं. एका मल्टिप्लेक्सरच्या आत दुसरा असेल तर तळाशी ‘एसजी_एमयूएल_व्हीएएल_’ ओळी लागतात, आणि स्वस्तातली बरीच साधनं त्या वाचतच नाहीत. फाईल घ्यायच्या आधी आपलं साधन काय काय झेपवतं ते बघा.

काट्याशी जुळवणं

आता वही आणि ट्रॅक्टर. वेग टॅकोमीटरनं, पुलीला रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवून, आयडल आणि १५०० अशा दोन ठिकाणी मोजा. एकाच ठिकाणी जुळला तर ऑफसेट आणि गुणक दोन्ही चुकूनही योगायोगानं उत्तर बरोबर येऊ शकतं. दोन ठिकाणी जुळला तर सरळ रेषा पक्की.

तापमानाला घाई नको. थंड इंजिनावर सकाळी चावी ऑन करा. आकडा हवेच्या तापमानाजवळ असायला हवा. मग चढत जाऊन थर्मोस्टॅट उघडल्यावर स्थिरावला पाहिजे. हा मेसेज सेकंदाला एकदाच येतो. ट्रॅकरमध्ये ‘अर्ध्या सेकंदात मेसेज नाही तर सिग्नल गेला’ असं लिहून ठेवलं असेल तर तापमान दिसेल-जाईल, दिसेल-जाईल, आणि दोष उगाच वायरिंगवर येईल. फाईलमध्ये मेसेजची आवर्तन वेळ गुणधर्म म्हणून असते; टाइमआउट तिच्या निदान तिप्पट ठेवावा.

इंधनाचा खप हा सगळ्यात नाजूक विषय, कारण त्यावर पैशाचे हिशोब होतात. ईसीयू देतो तो इंजेक्शनवरून काढलेला आकडा, मोजलेला नव्हे. टाकी पंपावर गळ्यापर्यंत भरा, दिवसभर ट्रॅक्टर कामावर जाऊ द्या, संध्याकाळी त्याच पंपावर, त्याच जागी उभा करून पुन्हा गळ्यापर्यंत भरा. पंपाचे लिटर आणि लॉगमधली बेरीज शेजारी ठेवा. फरक राहील, तो मालकाला आधीच दाखवा. ‘संगणकाचा आकडा’ म्हणून चालकाच्या पगारातून डिझेल कापायची वेळ आली की हा कागद उपयोगी पडतो.

फाईलमध्ये नसलेलं शोधायचं असेल, उदाहरणार्थ पीटीओ चालू-बंद, तर पीजीएन ६५२८० ते ६५५३५ या पट्ट्यात बघा. तो निर्मात्यांच्या खासगी वापराचा. सॅव्हीकॅन हे मोफत साधन घ्या, वहीतल्या पीटीओ ऑन आणि ऑफच्या वेळा लावा आणि फक्त त्याच क्षणी बदललेला बिट शोधा. सतत एकेकानं वाढणारे चार बिट दिसले तर तो मेसेजचा काउंटर, आणि दर फ्रेमला बेताल उड्या मारणारा बाइट बहुतेक चेकसम, म्हणजे मेसेज धड पोचला का हे पडताळायचा आकडा. त्यात अर्थ शोधत बसू नका. सापडलेला सिग्नल दुसऱ्या, त्याच मॉडेलच्या ट्रॅक्टरवर तपासल्याशिवाय मुख्य फाईलमध्ये घालायचा नाही. आणि शोधण्यासाठी बसवर स्वतः काही पाठवायचं तर नाहीच, निदान चालू ट्रॅक्टरवर आणि चालक सीटवर असताना.

फाईल सांभाळणं

सिग्नलची नावं अक्षर, अंक आणि अंडरस्कोर यांतच, मोकळी जागा नाही, ३२ अक्षरांच्या आत. जास्त लांब नाव दिलंत तर काही साधनं ते तोडतात आणि दोन सिग्नल एकाच नावाचे होऊन बसतात. फाईल साधारणपणे विंडोज-१२५२ या एन्कोडिंगमध्ये असते. एखाद्या एडिटरनं ती यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केली की तापमानाच्या एककातलं अंशाचं चिन्ह बिघडतं, आणि एखादं साधन तिथंच अडतं. याच कारणानं टिपा मराठीत लिहायचा मोह आवरावा. त्या शेजारच्या दस्तऐवजात खुशाल मराठीत लिहा.

साधी टेक्स्ट फाईल असल्यानं बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये ती छान बसते. पण ग्राफिकल एडिटरनं सेव्ह केली की ओळींचा क्रम बदलतो आणि एका गुणकाच्या बदलासाठी शेकडो ओळी लाल-हिरव्या दिसतात. म्हणून छोटा बदल हातानं, टेक्स्टमध्ये. मोठी भर एडिटरमध्ये. दोन्ही एकाच कमिटमध्ये नकोत. एक्सेल आणि डीबीसी यांच्यात ये-जा करायला कॅनमॅट्रिक्स चालतं. मायक्रोकंट्रोलरसाठी कॅनटूल्स थेट सी कोड काढून देतं; त्या कोडला हात लावायचा नाही, फाईल बदलायची आणि पुन्हा काढायचा.

निर्मात्याची डीबीसी गोपनीयतेच्या करारावर मिळते. ती व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘कुणाकडं आहे का’ म्हणून फिरवणं हा करारभंग आहे, मग ग्रुप कॉलेजच्या मित्रांचा का असेना. जे१९३९ ची अधिकृत सिग्नलयादीही ते मानक काढणारी एसएई ही संस्था विकते. सरावासाठी कॉमा एआयच्या ओपनडीबीसी प्रकल्पातल्या कारच्या फाईली उघड्यावर आहेत, त्या घ्या. मोटोरोला क्रम शिकायला त्या उत्तमच.

दुसऱ्याच्या हाती फाईल देताना तिच्यासोबत चार गोष्टी द्या: ट्रॅक्टरचं मॉडेल आणि इंजिन ईसीयूच्या सॉफ्टवेअरचा क्रमांक, ज्या लॉगवर तपासलं तो लॉग, वहीतल्या वेळांची नोंद, आणि कुठले सिग्नल काट्याशी जुळवलेत व कुठले नुसते फाईलवर भरवसा ठेवून सोडलेत याची यादी. ही शेवटची यादी सहसा कुणी देत नाही. तुम्हाला फाईल मिळाली आणि यादी नसली, तर मागून घ्या. नाहीच मिळाली तर सगळे सिग्नल न तपासलेले समजून आयडलच्या आरपीएमपासून सुरुवात करा.